पायरीवरचं फूल

कुणाला साड्यांचा नाद असतो, कुणाला भिशीचा, कुणाला शेजारणीच्या सुनेचा. वडजेवाडीच्या बबिताला चर्चचा नाद होता. म्हणजे प्रार्थनेचा नाही, नुसत्या फोटोंचा. हा फरक गावाला समजावून सांगायचा तिनं एकदोनदा प्रयत्न केला आणि मग नाद सोडला. फोटोंचा नव्हे, समजावण्याचा.

बबिता एसटीत कंडक्टर होती, लातूर डेपोत. सकाळी रेणापूरमार्गे डेपो गाठायचा, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवायचं आणि उदगीरच्या नाहीतर नांदेडच्या गाडीवर निघायचं. फुकट जाऊ पाहणाऱ्या भल्याभल्यांना तिनं भर रस्त्यात उतरवलेलं होतं, त्यामुळे तिच्या तोंडाला लागायला माणसं जरा बिचकतच. घरी नवरा अंगद आणि त्याचं सोयाबीन, सासू लक्ष्मीबाई, आणि सासरे. सासऱ्यांना अलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं आणि त्यामुळे त्या घरात तेच सगळ्यांत सुखी होते. थोरले दीर किशनराव शेजारीच, पण वेगळे राहायचे. गावातल्या महादेवाच्या देवळाच्या जीर्णोद्धार समितीचे ते अध्यक्ष. ‘अध्यक्ष’ म्हणून कुणी हाक मारली तरच त्यांना पटकन ऐकू यायचं.

चर्चचा नाद लागला तो एका टायरमुळे. उदगीरच्या गाडीचं टायर निडेगाव फाट्यावर बसलं. ड्रायव्हर मल्लेश जॅक लावायला वाकला, प्रवासी झाडाखाली पांगले, आणि बबिता पाणी शोधत गावाच्या अंगाला चालू लागली. कडुलिंबांच्या आड तिला काळ्या दगडाची एक लहानशी इमारत दिसली. वर कौलं, पुढं टोकदार कमानीचं दार, बाजूला लाकडी चौकटीत टांगलेली घंटा. निजामाच्या काळात कुणी मिशनवाल्यांनी बांधलेलं चर्च. किल्ली सांभाळणारी मार्थाबाई दारात गहू निवडत बसली होती. तिनं तांब्याभर पाणी दिलं, आणि पाणी पिता पिता बबिताची नजर दारापुढच्या पायरीवर गेली. पायरीच्या मधोमध एक फूल कोरलेलं होतं. आठ पाकळ्यांचं, मधे वाटीएवढा खोलगट गोल.

बबितानं तांब्या खाली ठेवला. हे फूल तिनं पाहिलेलं होतं. पाहिलेलं कसलं, लग्न होऊन वडजेवाडीत आली त्या दिवशी सासूनं तिचा हात धरून त्या फुलावर हळदीकुंकू वाहायला लावलं होतं. वडजेवाडीच्या महादेवाच्या जुन्या देवळाची पायरी हुबेहूब अशीच होती. एकाच वडाराच्या हातची असेल, नसेल. पण त्या हातानं देऊळ बांधताना एक छिन्नी आणि चर्च बांधताना दुसरी असा भेद केला नव्हता, एवढं दिसत होतं.

आता वडजेवाडीत ते देऊळ नव्हतं. किशनरावांच्या समितीनं जेसीबी लावून ते पाडलं होतं. दगडी देऊळ म्हणे जुनाट दिसतं. त्या जागी स्लॅब उभा राहिला, त्याला घरातल्या न्हाणीला लावतात तसल्या गुळगुळीत टाइल्स लागल्या, आणि काम रखडत रखडत वर्षं गेली. पाडापाडीच्या दिवशी लक्ष्मीबाई जेसीबीपुढं जाऊन उभ्या राहिल्या होत्या. “पाडू नका रे, माझ्या सासूच्या सासूनं त्या पायरीला हात लावलाय.” किशनराव म्हणाले होते, “माय, तुला काय कळतंय त्यातलं? सर बाजूला.” लक्ष्मीबाई सरल्या. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही.

देऊळ गेल्यावर बबितानं त्याचा एखादा फोटो शोधला होता. घरोघर विचारलं. कुणाकडेच नव्हता. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये देवदर्शनाचा फोटो होता. त्यात अंगदचा फेटा होता, तिच्या मुंडावळ्या होत्या, करवलीचं अर्धं तोंड होतं. देऊळ नव्हतं. पिढ्यान् पिढ्या जे गावाच्या मधोमध उभं होतं ते कुणाला टिपून ठेवावंसं वाटलं नव्हतं, कारण ते कुठं जाणार आहे, असंच प्रत्येकाला वाटत होतं. या गोष्टीचा बबिताला राग होता. दुःख वगैरे नंतर, आधी राग.

तर त्या दिवशी निडेगावात तिनं मोबाइल काढला आणि त्या पायरीचा फोटो घेतला. मग घंटेचा. मग कमानीचा. तोवर मल्लेशनं हॉर्न वाजवून वाजवून फाटा डोक्यावर घेतला होता.

पुढं नाद वाढला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्याकडून तिनं जुना कॅमेरा घेतला. सुट्टीच्या दिवशी बायका माहेरी जातात, ही देगलूरच्या वाटेला निघायची. लोह्याकडं एक पत्र्याचं चर्च तिला सापडलं, तिथं घंटेऐवजी रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि त्याचा आवाज चांगल्या घंटेला लाजवील असा होता. सीमेकडच्या एका चर्चात भिंतीवर तेलुगू अक्षरं होती, ती तिला वाचता आली नाहीत, पण त्यांची गोलाई आवडली म्हणून तिनं भिंतीचेच फोटो घेतले. कुठं खिडकीत रंगीत काचेचा एकच तुकडा उरलेला, बाकी जागी पुठ्ठा. कुठं बाकं नाहीतच, सतरंज्या; दाराबाहेर चपलांचा ढीग, अगदी आपल्या भजनाला असतो तसा. तिची रीत ठरलेली होती. आधी किल्लीवाल्याला विचारायचं, मग चपला काढायच्या, पहिला फोटो घंटेचा, शेवटचा पायरीचा. उतरतं ऊन दगडावर आडवं पडलं की मगच कॅमेरा काढायचा, कारण त्या उन्हात छिन्नीचा एकेक घाव दिसतो. आणि फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही. माणसांचे फोटो काढणारे जगात पुष्कळ आहेत, असं तिचं म्हणणं.

सगळीकडं तिचं स्वागत व्हायचं असं मुळीच नाही. मार्थाबाईनंच पहिल्यांदा विचारलं होतं, “बाई, फोटो काढून कुठं देणार? उद्या कुणी येऊन जागेचे कागद मागतील का?” बबितानं पायरीची गोष्ट सांगितल्यावर तिची भीती जराशी कमी झाली. एकदा बबिता म्हणाली, “मार्थाबाई, या दगडाला कधी टाइल्स लावू देऊ नका बरं का.” त्यावर ती फणकारली. “तुम्हाला काय जातंय? पावसात गळतंय ते आम्ही बसून झेलतो. आमची पोरं बी टाइल्सच म्हणून राहिलीत.” बबिता वरमली. पण पुढच्या खेपेला ती अंगदला घेऊन गेली आणि अंगदनं छपरावर चढून फुटकी कौलं बदलून दिली. अंगद तसा गरीब माणूस. बायको ‘चल’ म्हणाली की जायचा आणि कुठं, ते वाटेत विचारायचा.

आता खरी गोष्ट. लक्ष्मीबाईंचे गुडघे दुखायचे. उदगीरच्या डॉक्टरचा गुण येतो असं कुणी सांगितलं म्हणून सुट्टीच्या दिवशी बबिता त्यांना उदगीरला घेऊन गेली. पिशवीत हळदीकुंकवाचा करंडा आणि एक नारळ, कारण उदगीरला आलोच आहोत तर किल्ल्यातल्या महाराजांच्या समाधीला नारळ फोडू, असा लक्ष्मीबाईंचा बेत. पण दवाखान्यात दिवस गेला आणि नारळ पिशवीतच राहिला. परतताना निडेगाव फाटा आला तशी बबितानं घंटीची दोरी ओढली.

“आत्याबाई, उतरा. तुम्हाला एक गंमत दावते.”

“अगं माझे गुडघे!”

“उतरा तर.”

उतरतं ऊन होतं. चर्चचा काळा दगड मधाच्या रंगावर आला होता. मार्थाबाई किल्ली घेऊन पुढं झाली. लक्ष्मीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, चपला काढल्या आणि पायरीशी येऊन थांबल्या. खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गुडघेदुखी विसरून त्या मटकन खाली बसल्या, पायरीवर हात फिरवला, आठ पाकळ्यांवरून बोट नेलं, करंडा काढला आणि फुलाच्या मधल्या वाटीत हळद वाहिली, कुंकू वाहिलं. बबिता आणि मार्थाबाई ‘अहो’ म्हणेपर्यंत त्यांनी नारळ काढून पायरीच्या कडेवर फोडलाही. चाळीसेक वर्षांची हाताची सवय होती, ती डोक्याला विचारत बसली नाही.

“आवं आजी!” मार्थाबाई ओरडली. “आमच्यात नारळ न्हाई फोडत!”

“तुमच्यात न्हाई, आमच्यात हाय की,” लक्ष्मीबाई मान वर न करता म्हणाल्या. “मी तुमच्या देवाला नवी हाय, कळंल त्याला माझी रीत हळूहळू.”

मार्थाबाईनं इकडं तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिला हसूच फुटलं. लक्ष्मीबाईंनी खोबऱ्याचा तुकडा पुढं केला तेव्हा ती म्हणाली, “परसाद म्हणून न्हाई घेणार. भूक लागली म्हणून खाते.”

“खा की. खोबऱ्याला कुठं ठावं हाय!”

बबितानं तेवढ्यात कॅमेरा डोळ्याला लावला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं चर्चच्या फोटोत माणूस येऊ दिला. पायरीवर ओणवलेली सासू, फुटलेला नारळ, पिवळंलाल झालेलं फूल, मागं टोकदार कमान आणि सावलीत अर्धवट दिसणारा लाकडी क्रूस. परत येताना गाडीत लक्ष्मीबाईंनी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. “आपली पायरी,” एवढंच म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर तोंड करून डोळे पुसले. बबितानं फोटो मोबाइलवर घेतला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या आत्याबाई, निडेगावच्या चर्चात.’

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवरून घरी यायच्या आत लक्ष्मीबाई बाटल्याची बातमी रेणापूरपर्यंत पोचली होती. कुणी म्हणे त्यांना पाण्यात बुडवून काढलं, कुणी म्हणे नाव बदललं. नवं नाव काय, यावर पारावर दोन तट पडले.

ओसरीवर किशनराव आणि समितीचे शेषेराव येऊन बसले होते. लक्ष्मीबाई आत तांदूळ निवडत होत्या.

“बबिता, हे काय करून ठिवलं?” किशनरावांनी मोबाइल पुढं धरला.

“फोटो हाय, भावजी. चांगला आलाय.”

“मस्करी करू नको. पुढच्या सोमवारी कलशारोहण हाय. आमदार यायलेत. आणि अध्यक्षाची माय चर्चात नारळ फोडून राहिली!”

शेषेरावांनी घसा साफ केला. “रीत तुम्हाला ठावं हाय, बाई. देवळाचा कलश तुमच्याच घरातून निघतो. घरातल्या थोरल्या सुवासिनीच्या हातचं हळदीकुंकू लागल्याबिगर तो वर चढत न्हाई. पिढ्यान् पिढ्यांचा मान हाय. आता लोक म्हणतेत, हा हात कसा चालंल?”

बबिताचा चेहरा उतरला. या मानासाठी लक्ष्मीबाई किती वर्षं थांबल्या होत्या हे तिला माहीत होतं. त्यांच्या सासूला तो मिळाला नव्हता, कारण तेव्हा जुनं देऊळ कलशासकट धडधाकट उभं होतं. ट्रंकेत हिरवं पातळ घडी करून ठेवलेलं होतं, ते फक्त त्या दिवसासाठी.

“मग?” तिनं विचारलं.

“मग सोपं हाय,” किशनराव म्हणाले. “रविवारी सांजेला सभामंडपात गाव बसंल. तू सांगायचं की माईला कायबी ठावं नव्हतं, मीच फसवून नेलं, माझी चूक झाली. चर्चचे हायेत तेवढे सगळे फोटो सगळ्यांदेखत मोबाइलमधून, कॅमेऱ्यातून पुसायचे. पुन्हा जाणार न्हाई म्हणून देवावर हात ठिवायचा. तसं केलं तर माईचा मान माईला. न्हाईतर माझी बायको लावील हळदीकुंकू.”

ते गेल्यावर अंगद दावं वळत बसला. मग म्हणाला, “पुसून टाक ना. एवढ्याशा फोटोपायी कामून भांडण? मायचा एकच दिवस हाय.”

“आणि कौलं कुणी बदलली तिथली? ते बी पुसायचं का?”

“मी कुठं न्हाई म्हणतो. पण माय...”

अंगदचं चुकत नव्हतं, म्हणूनच बबिताला त्याचा राग आला. ती आत सासूजवळ गेली. “आत्याबाई, मी फोटो पुसते. तुमचा मान जाऊ देणार न्हाई.”

लक्ष्मीबाईंनी सुपातला खडा काढून बाहेर टाकला. “तुझे फोटो हायेत. तुझं तू बघ.” आणि पुन्हा सूप पाखडू लागल्या. पुसू नको म्हणाल्या नाहीत, पुस म्हणाल्या नाहीत. बबितानं ओळखलं की हे आता तिचं तिलाच ठरवायचं आहे, आणि सासूचा मानही तिच्याच माथ्यावर आहे.

रविवारी सभामंडप भरला. टाइल्सवर ट्यूबलाइटचा उजेड डोळ्याला बोचत होता. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. लक्ष्मीबाई खांबाला टेकून, मान खाली घालून बसलेल्या. बबिता ड्युटीवरून थेट आली होती, खाकीतच. तिच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कॅमेरा. पुसायचं असं ती सकाळी घरून निघतानाच ठरवून आली होती. खरंच ठरवलं होतं.

“बोल, बबिता,” किशनराव म्हणाले. “माईला ठावं नव्हतं, एवढं आधी सांग.”

बबितानं सासूकडं पाहिलं. पायरीवरून बोट फिरवणारा तो हात आता पदरात लपला होता. माईला ठावं नव्हतं! निडेगावच्या त्या आवारात उभ्या असलेल्या तिघींत जे काही ठावं होतं ते एकट्या लक्ष्मीबाईंनाच. आणि आता त्यांना अडाणी ठरवून त्यांचा मान त्यांना परत मिळणार होता. ‘माय, तुला काय कळतंय’ म्हणून त्यांना एकदा बाजूला सारलं होतंच, तेच पुन्हा, आणि या खेपेला सुनेच्या तोंडून. बबिताच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आत्याबाईंला सगळं ठावं होतं,” ती म्हणाली. “तिथल्या पायरीवर आपल्या पायरीसारखं फूल हाय. ते वळखून त्यांनी नारळ फोडला. फसवलं कुणी न्हाई.”

कुजबूज झाली. शेषेराव म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. फोटो पुसा.”

“पुसते. समद्याचे समदे पुसते,” बबितानं कॅमेरा उंच धरला. “आधी एक करा. आपल्या जुन्या देवळाचा एक फोटो मला कुणीबी दावा. एकच. कुणाच्याबी घरातला. तो बघते आणि हे पुसते.”

दोघाचौघांनी मोबाइल काढून चाळले आणि परत खिशात घातले. मग शेषेरावांनी खिसे चाचपत सांगितलं की त्यांच्याकडं एक आहे, सत्काराचा, देवळापुढं काढलेला. त्यांनी मोबाइलमध्ये शोधून तो दाखवलाही. त्यात शेषेराव होते, हार होता, आणि त्यांच्या कानामागं बोटभर काळी भिंत होती. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

“ही बोटभर भिंत,” बबिता म्हणाली. “एवढंच उरलंय आपल्या देवळाचं. दुसऱ्याचं देऊळ हाय का चर्च हाय ते मी बघत न्हाई. दगड उभा हाय तवर त्याचा फोटो काढते, कारण आपल्या दगडाचा काढला न्हाई. आणि भावजी, ती पायरी कुठं हाय, सांगा बरं गावाला?”

किशनराव टोपी सारखी करू लागले.

“मी सांगते. या देवळाच्या मागं, नळाखाली. भंडाऱ्याची भांडी घासायला टाकलीय. त्या फुलावर आपण राख घासतो, खरकटं सांडतो, आणि देव बाटला म्हणतो तो निडेगावात! आत्याबाई त्या नळावर कधी भांडं घासत न्हाईत. तुम्हाला वाटलं, गुडघे दुखतेत.”

बायकांत चुळबूळ झाली. बऱ्याच जणींनी त्या दिवशी सकाळीच तिथं पातेली घासली होती.

“फोटो पुसणार का न्हाई, तेवढं सांग!” किशनराव ताडकन उठले.

“न्हाई पुसणार. आणि येत्या सुट्टीला देगलूरला चाललेय. तिथं एक चर्च राहिलंय माझं.”

“मग माईचा मान गेला, तुझ्यापायी!”

ते वाक्य मात्र बबिताला लागलं. ती घरी आली, खाकी न बदलता चुलीपुढं बसली आणि रडली. आपल्या हट्टाची किंमत दुसऱ्यानं चुकवायची, ही कसली शूर बाई, असं तिला वाटलं. लक्ष्मीबाई मागोमाग आल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. हिरवं पातळ त्यांनी बाहेर काढलं, झटकलं आणि दांडीवर टाकलं.

“आत्याबाई, आता ते कशाला?”

“घड्या मोडू देत. लई दिस झाले,” त्या म्हणाल्या, आणि सासऱ्यांना ओरडून ओरडून जेवायला बोलवू लागल्या.

सोमवारी सकाळी हलगी वाजली, किशनरावांच्या अंगणात कलश पाटावर मांडला, भटजी आले, आमदारांची गाडी रेणापूरला पोचल्याचा फोन आला. फक्त हळदीकुंकू लावायला हात नव्हता. किशनरावांच्या बायकोनं ऐन वेळी दाराला कडी लावून घेतली होती. सासू जिवंत असताना तिचा मान मी घेणार नाही, तुम्ही मला टाकून दिलं तरी चालेल, असं ती आतून सांगत होती. इतक्या वर्षांत ती नवऱ्याला पहिल्यांदाच उलटून बोलली. भटजी म्हणाले, मुहूर्त टळेल. शेषेरावांनी किशनरावांना कोपरानं ढोसलं. शेवटी अध्यक्ष धाकट्या भावाच्या दारात आले.

“माय, झालं गेलं. चल. तूच लाव.”

लक्ष्मीबाई हिरवं पातळ नेसून तयारच बसल्या होत्या. त्यांनी ताट घेतलं. करंडा, नारळ, पाण्याचा तांब्या. “बबे, तुझा डबा घे,” म्हणाल्या. कॅमेऱ्याला त्या डबा म्हणायच्या.

हलगी पुढं, कलश घेतलेले किशनराव मागं, त्यांच्यामागं लक्ष्मीबाई आणि बबिता. देवळापुढं ग्रॅनाइटच्या पायरीवर रांगोळी काढलेली होती. तिथं पाट ठेवला. सगळे लक्ष्मीबाईंच्या हाताकडं बघू लागले. लक्ष्मीबाई पाटापाशी थांबल्याच नाहीत. ताट सावरत त्या देवळाला वळसा घालून मागं गेल्या. हलगीवाल्याला काय करावं कळेना, तो वाजवायचा थांबला.

मागं नळाखाली पायरी होती. राखेनं पांढुरकी झालेली, पाकळ्या घासून घासून बोथट. लक्ष्मीबाईंनी तांब्या ओतला. हातानं राख धुतली, नखानं पाकळ्यांतला चिखल काढला, पदरानं पुसलं. मग हळद वाहिली, कुंकू वाहिलं.

“माय, मुहूर्त चाललाय!” किशनराव कलश घेऊन धावत आले. मागोमाग सगळं गाव. “कलशाला लाव की!”

“लावते. हितं ठेव.”

“इथं? भांड्याच्या नळावर?”

“पायरी तूच टाकलीस हितं. दुसरीकडं माझा हात चालणार न्हाई.” लक्ष्मीबाईंचा आवाज चढला नव्हता, पण जेसीबीपुढून सरलेली बाई ती ही नव्हेच. “मला कळत न्हाई म्हणालास तवा सरले. आता सरणार न्हाई. ठेव, न्हाईतर घरी जाते.”

किशनरावांनी भटजींकडं पाहिलं. भटजी घड्याळाकडं बघत होते. शेषेरावांकडं पाहिलं, ते जमिनीकडं बघत होते. मग अंगद पुढं झाला, कधी नव्हे ते कुणी न सांगता, आणि त्यानं नळाची तोटी घट्ट पिळून बंद केली. किशनराव वाकले. पितळी कलश त्यांनी त्या फुलावर, मधल्या वाटीत टेकवला. तो तिथं असा बसला की जरासुद्धा डगमगला नाही.

लक्ष्मीबाईंनी कलशाला बोटं लावली. नारळ उचलला, पायरीच्या कडेवर हाणला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा ‘हे निडेगावच्या मार्थाबाईला’ म्हणत पिशवीत टाकला. बबितानं कॅमेरा डोळ्याला लावला. तिला नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते. कलश, फूल, सासूचा हात, आणि वाकलेले अध्यक्ष, सगळं त्यात आलं.

“थांब,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवून मागच्या चकचकीत भिंतीकडं एकदा पाहिलं. “जरा वरून काढ. त्या टाइल्स येऊ देऊ नको माझ्या फोटोत.”